नेपल्सहून एक दिवस: पॉम्पेई सोडून एर्कोलानोला का जायचं

नेपल्सला मुक्काम आहे आणि जुने रोमन अवशेष बघायला हातात एकच दिवस आहे, तर कुठे जायचं, या प्रश्नावरून आमच्या घरात सध्या जे चाललंय त्याला चर्चा म्हणणं जरा जास्तच सभ्य होईल. बाबांचं म्हणणं सरळ आहे, "एवढं लांब जायचं आणि पॉम्पेई न बघता यायचं? लोक काय म्हणतील?" ताईला पॉम्पेई, व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं विवर आणि संध्याकाळी समुद्रकाठचं सोरेंतो असं सगळं एकाच दिवसात कोंबायचंय. तिच्या पोराला फक्त सांगाडे पाहिजेत. आणि ट्रेन, तिकिटं, पाण्याच्या बाटल्या, बाबांची गुडघ्याची कॅप हे सगळं बघायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात, त्यामुळे शेवटचा शब्द पण माझाच राहील असं मी परस्पर ठरवून टाकलंय. आणि तो शब्द असा की पॉम्पेईला जायचं नाही. हर्क्युलेनियमला जायचं, पॉम्पेईसारखंच त्याच ज्वालामुखीने गाडलेलं दुसरं रोमन गाव, म्हणजे आजच्या एर्कोलानोत, आणि अख्खा दिवस त्या एकाच जागेला द्यायचा.

आता कारणं. पहिलं एकदम व्यवहारी आहे. पॉम्पेई म्हणजे 66 हेक्टरचं शहर, त्यातलं साधारण दोन तृतीयांश उकरून झालंय. रस्त्यांवर मोठमोठे दगड, मध्ये चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि सावली म्हणाल तर जवळजवळ नाहीच. तिथे आता "सोप्या वाटेचा" एक मार्ग केलाय, व्हीलचेअर आणि बाबागाडीवाल्यांना जाता येईल असा, ते चांगलंच आहे, पण तोही काही किलोमीटरचा आहे आणि बाबा तो पूर्ण चालणार आणि रात्री हॉटेलवर गुडघा धरून बसणार हे मला आत्ताच दिसतंय. त्यात गर्दी. इतकी की नोव्हेंबर 2024 पासून त्यांनी दिवसाला 20 हजार माणसांची मर्यादा घातली आणि तिकिटावर नाव टाकायला लागलं. 20 हजार! मर्यादा घातल्यावर 20 हजार!

हर्क्युलेनियमचा उघडा झालेला भाग जेमतेम साडेचार हेक्टर आहे. बाकीचं गाव अजून खालीच आहे, कारण त्याच्या डोक्यावर आजचं एर्कोलानो वसलंय, चार-पाच मजली इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, सगळं चालू. तेव्हा तीन-चार तासांत, बसत उठत, पाणी पीत पीत, प्रत्येक गल्ली बघून होते. एखाद्या दारापाशी दहा मिनिटं थांबलो म्हणून पुढचं काही बुडत नाही. मला वाटतं अवशेष बघायला जाण्यात मजा असेल तर ती ह्या थांबण्यातच आहे, नाहीतर मग मोबाईलवर फोटो बघितले काय आणि तिथे जाऊन मोबाईलमधून फोटो काढले काय.

पण खरं कारण दुसरंच आहे, आणि त्यासाठी त्या दिवशी नेमकं काय झालं ते जरा नीट सांगायला पाहिजे.

इ.स. 79. तारीख वर्षानुवर्षं 24 ऑगस्ट सांगितली जायची, पण 2018 मध्ये पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने खरडलेली नोंद सापडली, 17 ऑक्टोबरच्या तारखेची, त्यामुळे आता बरेच लोक ऑक्टोबरच धरून चालतात. ते काही असो. दुपारी व्हेसुव्हियस फुटला आणि राख-दगडांचा खांब सरळ आकाशात काही मैल चढला. धाकटा प्लिनी तेव्हा 17 वर्षांचा होता, आखाताच्या दुसऱ्या टोकाला मिसेनमला, मामाकडे. त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी टॅसिटस ह्या इतिहासकाराला पत्रं लिहून हे सगळं सांगितलं, तो ढग पाइनच्या झाडासारखा दिसत होता, खाली बुंधा आणि वर पसरलेल्या फांद्या, असं त्याने लिहिलंय. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख, तो जहाजं घेऊन लोकांना काढायला गेला आणि स्टाबियेच्या किनाऱ्यावर मेला.

तर वारा त्या दिवशी आग्नेयेकडे होता. पॉम्पेई नेमकं त्याच बाजूला. तिथे तासन् तास हलके सच्छिद्र दगड आणि राख पडत राहिली, छपरांवर थर चढले, वजनाने छपरं खाली आली, वरचे मजले गेले. हर्क्युलेनियम डोंगराच्या पश्चिमेला, अगदी पायथ्याशी, डोंगराच्या जास्त जवळ, पण वाऱ्याच्या उलट बाजूला. तिथे दुपारभर नुसती पातळशी राख पडली. लोकांना वेळ मिळाला, पुष्कळ लोक निघून गेले असणार. आणि मग रात्री उशिरा तो वरचा खांब स्वतःच्याच वजनाने कोसळला आणि तापलेला वायू आणि राख यांचा लोट उतारावरून गावात शिरला. चारशे-पाचशे अंश तापमान सांगतात. त्याच्यामागून आणखी लोट, आणखी लोट, एकावर एक, आणि गाव खालपासून वरपर्यंत भरत गेलं. वीस मीटरच्या आसपास. नंतर ते सगळं घट्ट होऊन दगड झालं.

आता गंमत बघा, जे गावाच्या मुळावर आलं त्यानेच गाव राखलं. तो थर इतक्या लवकर आणि इतका घट्ट बसला की आत हवाच राहिली नाही, त्यामुळे लाकूड जळून राख झालं नाही, जागच्या जागी कोळसा झालं. दारं, तुळया, जिन्याच्या पायऱ्या, पलंग, पाळणा, फडताळं. पॉम्पेईत भिंती बघायला मिळतात. हर्क्युलेनियममध्ये वरचा मजला बघायला मिळतो, आणि त्याची लाकडी गॅलरी, आणि खिडकीची चौकट. बाबांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पेपर खाली ठेवला.

पॉम्पेईवर अन्याय नको म्हणून हेही सांगते. तिथला फोरम म्हणजे गावाचा मुख्य चौक, मागे व्हेसुव्हियस, तो देखावा हर्क्युलेनियममध्ये नाही. अँफिथिएटर नाही. व्हिला ऑफ द मिस्टरीजची ती लाल भिंतींची खोली नाही. आणि ते प्लास्टरचे माणसांचे साचे, 1863 मध्ये फियोरेल्ली ह्या पुरातत्त्वज्ञाने शरीरं कुजून राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून काढायला सुरुवात केली ते, तेही इथे नाहीत कारण इथे पोकळ्या राहिल्याच नाहीत, इथे हाडं राहिली. ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी खुशाल दोन्ही करावं. आमच्याकडे नाहीत. आणि एका दिवसात दोन्ही करणारे लोक असतात, सकाळी हे दुपारी ते, टूरवाले विकतातही तसं, पण दुपारी तीन वाजता पॉम्पेईच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सकाळचं काय आठवत असेल हा माझा प्रश्न आहे.

सांगाड्यांकडे येते, नाहीतर भाचा मला सोडणार नाही.

हर्क्युलेनियम हे समुद्रकाठचं गाव होतं. आज साइटवर उभं राहिलं तर समुद्र कुठे दिसत नाही, किनारा जवळजवळ अर्धा किलोमीटर पुढे सरकलाय, सगळं त्या लोटांनी भरलेलं. पण गावाच्या खालच्या टोकाला जुना किनारा आहे आणि तिथे ओळीने दगडी कमानी आहेत, होड्या ठेवायच्या. 1980 पर्यंत सगळ्यांना वाटायचं की गावातले लोक सुटले, कारण गावात फार कमी सांगाडे मिळाले होते. मग तिथे खोदकाम झालं आणि त्या कमानींत आणि बाहेरच्या वाळूत माणसं सापडली, मिळून तीनशेच्या वर. समुद्रातून कोणीतरी न्यायला येईल म्हणून थांबलेली. एका बाईच्या हातात अंगठ्या तशाच होत्या. एकाच्या कमरेला तलवार. 1982 मध्ये एक नऊ-एक मीटरची होडीपण निघाली, उलटी पडलेली, आता तिच्यासाठी साइटवरच वेगळं दालन आहे. कमानींमध्ये आज जे सांगाडे दिसतात त्या मूळ सांगाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत, मूळ हाडं अभ्यासासाठी हलवली आहेत. भाच्याला हे आधीच सांगून ठेवलंय, तर म्हणतो, "मग काय उपयोग?" नऊ वर्षांचं वय आहे, सोडून देऊ. 2024 च्या जूनपासून तो जुना किनारा लोकांना चालायला खुला केलाय, आधी वरूनच बघायला लागायचा. तिथे खाली उभं राहिलं की समोर समुद्राच्या जागी घट्ट झालेल्या राखेची उभी भिंत येते, माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट. ती भिंत बघितली की वीस मीटर म्हणजे काय ते कळतं, आकड्याने नाही कळत.

बाकी घरांपैकी आमच्या यादीत काय काय आहे ते सांगते, सगळं नाही.

नेपच्यून आणि अँफिट्राइटचं घर. मागच्या छोट्या अंगणात भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं मोझेक आहे, निळं-हिरवं, कडेने शिंपले लावलेले, आणि रंग असा की काल लावला असं वाटावं. सगळे लोक ते बघतात आणि जातात. पण त्याच घराला रस्त्याच्या बाजूने एक दुकान आहे, आणि माझ्या दृष्टीने ते दुकान जास्त भारी आहे. वर लाकडी मांडणी, कोळसा झालेली, आणि तिच्यावर दारू-तेलाच्या निमुळत्या सुरया आडव्या रचलेल्या, दुकानदाराने ठेवल्या तशाच. त्याला मोझेक परवडायचं, कारण दुकान चालायचं, एवढं सरळ आहे सगळं.

लाकडी पडद्याचं घर. पुढची बैठक आणि मागची कामाची खोली यांच्या मध्ये लाकडी घडीचे दरवाजे, दिवे अडकवायचे ब्राँझचे हुक अजून त्यावर आहेत. मधला भाग मात्र नाही. 18व्या शतकात बोगदे खणणाऱ्यांनी नेमका तिथूनच बोगदा काढला. ते काम असं चालायचं की 1709 च्या सुमारास विहीर खणताना तिथल्या थिएटरला धक्का लागला, संगमरवर मिळायला लागला, मग 1738 पासून नेपल्सच्या बोर्बन राजाने रीतसर खणायला सुरुवात केली, पण दगड इतका कडक की वरून उघडं न करता खाणीसारखे बोगदे काढायचे, पुतळे ओढून वर आणायचे आणि बोगदा परत बुजवायचा. मजुरांत कैदीपण होते. खऱ्या अर्थाने गाव उघडं केलं ते आमेदेओ मायुरी ह्या पुरातत्त्वज्ञाने, 1927 पासून पुढे, म्हणजे आपण आज जे चालत बघतो त्यातलं बरंचसं त्याचं.

मग एक स्वस्तातलं घर आहे, लाकडी चौकटीत दगड-चुना भरून उभं केलेलं, वरच्या मजल्यावर वेगळ्या जिन्याने जायच्या खोल्या, रस्त्यावर गॅलरी. तिथे एकापेक्षा जास्त कुटुंबं राहायची. श्रीमंतांचे व्हिले कुठेही बघायला मिळतात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोल्या कुठे मिळतात? ताईला हे फार आवडलं, ती स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर राहते.

आणि बायसेंटेनरी हाउस, 1738 च्या खोदकामाला 200 वर्षं झाली त्या सुमारास उघडं झालेलं म्हणून हे नाव. हे बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, 2019 मध्ये परत उघडलं. भिंतींवरची चित्रं सुंदर आहेत असं सगळेच लिहितात, पण ह्या घरात सापडलेल्या मेणाच्या पाट्यांवर माझा जीव अडकलाय. लाकडी पाट्यांवर मेणाचा थर, त्यावर टोकदार काडीने लिहायचं. ह्या पाट्यांवर एका कोर्टकेसची कागदपत्रं होती. पेट्रोनिया जुस्टा नावाची मुलगी, आई गुलाम होती आणि नंतर मुक्त झाली. प्रश्न एवढाच की जुस्टा आईच्या सुटकेच्या आधी जन्मली की नंतर. आधी असेल तर ती गुलाम म्हणून जन्मली, नंतर असेल तर जन्मतः स्वतंत्र. घरच्या मालकिणीचं, कॅलाटोरिया थेमिसचं, म्हणणं होतं आधी. जुस्टाचं म्हणणं नंतर. साक्षीदारांच्या जबान्या आहेत, कोणी म्हणतंय मालक स्वतः तिला मुलगीच म्हणायचा, कोणी उलट सांगतंय. केस रोमपर्यंत गेली. निकालाची पाटी सापडलेली नाही. मी हे रात्री वाचत बसले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये डोक्यात हेच, की बाई सुटली का नाही.

पपायरसच्या गुंडाळ्यांचा व्हिला, म्हणजे व्हिला ऑफ द पपायरी, हा गावाच्या बाहेर, 1750 मध्ये बोगद्यांतून सापडलेला, अजून बहुतेक जमिनीखालीच आहे, त्यामुळे तो नेहमीच्या फेरीत बघायला मिळत नाही हे आधीच लक्षात ठेवा. पण तिथल्या ग्रंथसंग्रहाची गोष्ट ट्रेनमध्ये सांगायला चांगली आहे. शेकडो गुंडाळ्या, कोळसा झालेल्या, इतक्या की सुरुवातीला काहींना त्या जळकी लाकडंच वाटली. उलगडायला गेलं की तुकडे. आता त्या न उलगडता स्कॅन करतात आणि कॉम्प्युटरला शाई शोधायला शिकवतात. 2023 मध्ये व्हेसुव्हियस चॅलेंज म्हणून स्पर्धा काढली, ल्यूक फॅरिटर नावाच्या कॉलेजच्या मुलाने त्यातला पहिला अख्खा शब्द वाचला, जांभळ्या रंगासाठीचा ग्रीक शब्द, आणि 2024 च्या सुरुवातीला तो आणि त्याचे दोन साथीदार यांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यांनी वाचलेला मजकूर सुखाबद्दल आहे, खाण्याबद्दल, संगीताबद्दल, एखादी गोष्ट दुर्मीळ असली तर जास्त सुख देते का वगैरे. भाचा कोडिंगच्या क्लासला जातो, त्याला सांगाड्यांपेक्षा हे पटलं, निदान पाच मिनिटं.

बरं, आता जायचं कसं.

नेपल्सच्या मुख्य स्टेशनाच्या पोटात, पियात्सा गरिबाल्दीला, चिर्कुमवेसुवियाना ह्या लोकल लाइनचे प्लॅटफॉर्म आहेत. सोरेंतोकडे जाणारी गाडी पकडायची आणि "एर्कोलानो स्कावी" स्टेशनवर उतरायचं, वीसेक मिनिटं. भाडं दोन-तीन युरोच्या घरातलं. गाड्या जुन्या, रंगरंगोटीने बाहेरून भरलेल्या, उन्हाळ्यात आत उकाडा आणि सीझनला चिक्कार गर्दी, कारण पॉम्पेई आणि सोरेंतोवाले सगळे ह्याच गाडीत. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, लोकलने फिरलेल्या माणसाला एवढं पुरे. बसायला जागा हवी असेल तर एक युक्ती आहे, गाडी गरिबाल्दीला येते ती एक स्टेशन आधी पोर्ता नोलानाहून सुटते, तर दहा मिनिटं चालत तिथेच जायचं आणि रिकाम्या गाडीत बसायचं. बाबांसाठी आम्ही तेच करणार.

एका ठिकाणी घोळ होऊ शकतो तो सांगून ठेवते. "पोर्तिची-एर्कोलानो" असं एक वेगळं स्टेशन आहे, ते सरकारी रेल्वेच्या किनाऱ्यालगतच्या लाइनवर, आणि ते साइटपासून बरंच लांब पडतं. मोबाईलवर नुसतं एर्कोलानो टाकलं की कधी कधी तेच पुढे येतं. तसं त्या लाइनला स्वतःची वट आहे, इटलीतली पहिली रेल्वे 1839 मध्ये नेपल्स ते पोर्तिची अशी ह्याच किनाऱ्याने धावली, पण आपल्याला त्या दिवशी रेल्वेचा इतिहास नको आहे.

एर्कोलानो स्कावीला उतरलं की एक सरळ रस्ता समुद्राच्या दिशेने खाली जातो, शेवटी कमान दिसते, तेच गेट. दहा मिनिटं, आणि पूर्ण उतार. जाताना छान वाटतं. येताना तोच चढ आहे, दुपारी, पाय दुखत असताना. प्लॅन करताना हा चढ कोणी धरत नाही, आम्ही धरलाय, परतताना गेटपासून स्टेशनपर्यंत टॅक्सी, बाबा नको म्हणाले तरी. रस्त्यात दोन्ही बाजूंना बार आहेत, तिथली पद्धत अशी की काउंटरपाशी उभं राहून कॉफी घ्यायची, टेबलावर बसलात तर बिल वाढू शकतं. जवळच पुल्यानोचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे, ताईला मी मुद्दाम सांगितलेलं नाही. हे वाचलं तर संपलं.

कमानीतून आत गेलं की लगेच गाव लागत नाही, हे मला फार आवडलंय. आधी एक लांब वाट आहे वरच्या पातळीवरून, आणि डावीउजवीकडे न बघता खाली बघायचं, अख्खं गाव खड्ड्यात मांडलेलं दिसतं, छपरांसकट, आणि त्याच्या पलीकडच्या कडेवर आजच्या इमारती, आणि त्यांच्या मागे डोंगर. फोटो काढायचे तर सगळे इथेच काढून घ्या, खाली उतरल्यावर मोबाईल खिशात.

तिकिटाचं असं, उन्हाळी वेळापत्रकात साइट सकाळी 8:30 ला उघडते आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या दीड तास आधी असतो, हिवाळ्यात तर संध्याकाळी पाचलाच बंद, म्हणजे साडेतीननंतर पोचलात तर गेटवरूनच परत. 18 च्या खालच्यांना फुकट, पासपोर्ट दाखवून, त्यामुळे भाच्याचा पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, आणि म्हणूनच त्या दिवशी जायचं नाही. कुठलं घर कोणत्या दिवशी बंद असेल याचा नेम नसतो, दुरुस्ती सतत चालू असते, तेव्हा एकाच घरावर जीव ठेवून जाऊ नका. हे मी मलाच सांगतेय, जुस्टाच्या बाबतीत.

दुरुस्तीवरून आठवलं. विसाव्या शतकाच्या शेवटी ही जागा इतकी वाईट अवस्थेत होती की उघडलेल्या भागाचा मोठा तुकडा लोकांना बंदच होता, छपरं गळत होती, कबुतरं भिंतचित्रांवर घाण करत होती. 2001 मध्ये पॅकार्ड नावाच्या अमेरिकन संस्थेच्या पैशाने हर्क्युलेनियम कॉन्झर्व्हेशन प्रोजेक्ट सुरू झाला आणि त्यांनी नवीन उकरण्याऐवजी आधी छपरं आणि गटारं धरली. जुनी रोमन गटारं साफ करून पावसाचं पाणी परत त्यातूनच काढलं. आणि एका मोठ्या गटारात वरच्या संडासांतून पडलेला मैला आणि घरचा कचरा दोन हजार वर्षं तसाच बसला होता, तो शेकडो पोती भरून काढला आणि चाळून बघितला, लोक काय खायचे ते कळायला. मासे, अंजीर, ऑलिव्ह, अंडी. साध्या वस्तीतले लोक, पण जेवण बरं होतं म्हणायचं.

व्हेसुव्हियसच्या विवराचं ताईला शेवटी नाही सांगितलं. एर्कोलानो स्टेशनपासूनच वर बस जाते, साधारण हजार मीटरपर्यंत, तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटांची चढण, तिकीट ऑनलाइनच आणि वेळ ठरवून. म्हणजे सकाळी वर, दुपारी साइट, होऊ शकतं, तरणीताठी माणसं करतातही. पण वेळ ठरलेली आली की मग दिवसभर घड्याळ बघायचं, बस चुकली की चिडचिड, आणि बाबांना खाली एकटं बसवायचं. ती म्हणाली, "तू फारच मॅनेजर झालीयेस." असू दे. ज्वालामुखी 1944 पासून गप्प आहे, आणखी एक वर्ष थांबेल अशी आशा करू.

दिवस मंगळवारचा धरलाय, आणि त्यामागे कारण आहे. नेपल्सचं आर्किऑलॉजिकल म्युझियम मंगळवारी बंद असतं. आणि ह्या गावांतून निघालेले चांगले पुतळे, मोझेक, भांडी, अगदी कोळसा झालेला पावसुद्धा, ज्याच्यावर एका गुलामाचा आणि त्याच्या मालकाच्या नावाचा शिक्का आहे, ते सगळं तिथे आहे. आधी साइट मग म्युझियम हाच क्रम मला बरोबर वाटतो, म्हणजे पुतळा बघताना तो कुठल्या अंगणात उभा होता ते डोळ्यासमोर असतं. म्हणून मंगळवारी एर्कोलानो, बुधवारी म्युझियम.

आणि बाबा पॉम्पेईवरून खाली आले ते ह्या बुधवारमुळेच, खरं सांगायचं तर. त्या म्युझियममध्ये, जे "गुप्त दालन" म्हणून प्रसिद्ध आहे तिथे, पॉम्पेईच्या एका घरात 1938 मध्ये मायुरीलाच सापडलेली हस्तिदंताची एक छोटी मूर्ती आहे, वीतभरापेक्षा थोडी मोठी, भरपूर दागिने घातलेली बाई, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. भारतातून गेलेली. लक्ष्मी म्हणतात तिला, अभ्यासकांत वाद आहे, काही जण यक्षी म्हणतात, डोक्यात भोक आहे म्हणजे कुठल्यातरी फर्निचरचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. आणि तिच्याशी अगदी मिळत्याजुळत्या मूर्ती सापडल्यात त्या भोकरदनला आणि तेरला. जालना आणि धाराशिव! बाबांची अर्धी नोकरी मराठवाड्यात गेलीये. हे ऐकल्यापासून पॉम्पेईचा विषय बंद आहे आणि आता ते रोज विचारतात की त्या दालनाला वेगळं तिकीट लागतं का, आत किती वेळ उभं राहू देतात, फोटो काढू देतात का.

राहता राहिलं परतीचं. एर्कोलानोहून फार तर चार-साडेचारची गाडी, त्यानंतर सोरेंतो आणि पॉम्पेईहून परतणारे सगळे एकदम येतात आणि उभं राहायलाही जागा मिळत नाही. रात्री मारिनारा पिझ्झा, तो चीज नसलेला, नुसता टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो, बाबांच्या पोटाला तोच बरा. भाच्याने आधीच कळवलंय की तो मार्गेरिता खाणार.